विभाजक कोण आणि विभाज्य कोण: अगदी पहिल्यापासून

भाचीला गणित शिकवायला बसलो होतो. प्रश्न होता "१८ चे विभाजक लिहा" आणि तिने मस्तपैकी १८, ३६, ५४, ७२ असं लिहून वही माझ्यापुढे सरकवली. पाढा पाठ, आकडे चोख, फक्त प्रश्न दुसराच होता. मी म्हटलं अगं हे तर विभाज्य झाले, तर म्हणे "मामा, दोन्ही शब्द सारखेच वाटतात, कुठला कुठला ते कसं लक्षात ठेवायचं?" आता यावर काय बोलणार, शाळेत असताना मी पण हेच करायचो. म्हणून जे तिला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, मुलांना शिकवणाऱ्या पालकांना चालेल, स्पर्धा परीक्षेसाठी वीस वर्षांनी परत गणित उघडणाऱ्यांनाही चालेल.

आधी शब्दांचा गुंता

पूजक म्हणजे पूजा करणारा, पूज्य म्हणजे ज्याची पूजा करायची तो. बस, तसंच. विभाजक म्हणजे भागणारा आणि विभाज्य म्हणजे जो भागला जातो तो. भागाकारातले भाजक आणि भाज्य आठवत असतील तर तेच हे, फक्त इथे एक अट आहे की भाग नि:शेष गेला पाहिजे, म्हणजे बाकी शून्य उरली पाहिजे. ३ ने १८ ला भागलं तर बाकी काही उरत नाही म्हणून ३ हा १८ चा विभाजक. ४ ने भागलं तर २ बाकी उरतात म्हणून ४ चा इथे काही संबंध नाही.

कोणी विभाजकाला अवयव म्हणतं, कोणी विभाज्याला पट म्हणतं, इंग्लिश मीडियमवाल्यांचे फॅक्टर आणि मल्टिपल हेच. मला स्वतःला "पट" हा शब्द सगळ्यात आवडतो कारण तो आपण रोज वापरतोच, दुप्पट तिप्पट चौपट. १८ ही ६ ची तिप्पट आहे म्हणजे १८ हा ६ चा विभाज्य. आणि अवयव म्हणजे ज्यांनी मिळून ती संख्या बनली ते भाग.

आता ही एक ओळ कागदावर लिहा:

३ × ६ = १८

सगळा धडा या एका ओळीत आहे. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचे दोघे हे उजवीकडच्याचे विभाजक, आणि उजवीकडचा हा डावीकडच्या दोघांचाही विभाज्य. नातं एकच आहे, बघायची टोकं दोन. मी तिचा मामा आहे असं म्हटलं की ती माझी भाची झालीच, ते वेगळं सिद्ध करायला लागत नाही. त्यामुळे प्रश्नात "विभाजक" किंवा "विभाज्य" दिसला आणि डोकं गोंधळलं की आधी एक छोटा गुणाकार मनात लिहायचा आणि बघायचं की दिलेली संख्या त्यात कुठल्या बाजूला बसतेय. १८ उजवीकडे बसवून डावीकडचे शोधायचेत, की १८ ला डावीकडे बसवून उजवीकडचे?

पायरी पहिली: विभाज्य काढणं (हे सोपं आहे)

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. संख्येचा पाढा म्हणायचा, झालं. ७ चे विभाज्य ७, १४, २१, २८ आणि असेच पुढे. एकच गडबड होते की पाढा आपण दहावर थांबवतो, सात दाहे सत्तर म्हणून वही बंद, त्यामुळे मुलांना वाटतं ७० नंतर ७ चा विभाज्य नाहीच. ७७ आहे, ८४ आहे, ३६४ पण आहे कारण ७ × ५२ = ३६४. विभाज्य कधीच संपत नाहीत, कितीही मोठा घ्या, त्यात अजून एक ७ मिळवला की पुढचा तयार.

आणि शून्य? ७ × ० = ०, म्हणजे शून्य हा ७ चा विभाज्य झाला, किंबहुना प्रत्येक संख्येचा झाला. पण उलट चालत नाही, शून्य हा ७ चा विभाजक नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी ७ येणार नाहीत. शाळेच्या उदाहरणांत बहुतेक वेळा शून्य बाजूला ठेवतात आणि १ पासून सुरू करतात, तसं केलं तरी हरकत नाही, फक्त कोणी विचारलं तर गडबडू नका.

पायरी दुसरी: विभाजक काढणं, जोडीजोडीने

खरी चुकामूक इथे होते. बरेच जण काय करतात, डोक्यात जे येईल ते लिहीत जातात. ७२ चे विभाजक म्हटलं की ८, ९, मग २, ३६, मग अरे हो ६ आणि १२, मग १ राहिला, आणि शेवटी कुठलातरी एक सुटतोच. माझा नेहमी १८ सुटायचा. उत्तर अर्धवट, मार्क गेले, आणि आपल्याला वाटतं की आपलं गणित कच्चं आहे, गणित कच्चं नसतं हो, शोधायला ओळच नसते.

ओळ अशी. विभाजक कधी एकटा येत नाही, जोडीने येतो, कारण तो गुणाकारातून आलाय आणि गुणाकाराला दोघे लागतात. म्हणून १ पासून सुरू करायचं आणि एकेका आकड्याला विचारायचं की बाबा तुझा जोडीदार कोण. ७२ घेऊ.

१ चा जोडीदार ७२.
२ चा ३६.
३ चा २४.
४ चा १८.
५ ला जोडीदार नाही, बाकी उरते.
६ चा १२.
७ ला नाही.
८ चा ९.
पुढचा ९, पण हा तर आत्ताच आला होता.

थांबा! जोडीदार म्हणून आलेला आकडा परत समोर आला की काम संपलं, यापुढे नवीन काही मिळणार नाही, सगळ्या जोड्या फक्त उलट्या होऊन परत येतील, ९ × ८, १२ × ६ अशा. म्हणजे ७२ पर्यंत एकेक तपासत बसायचं नाही, आठच आकडे तपासले आणि झालं. आता डावी बाजू वरून खाली आणि उजवी बाजू खालून वर वाचा: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६, ७२. चढत्या क्रमाने आपोआप तयार, बारा विभाजक, एकही सुटलेला नाही.

कुठपर्यंत तपासायचं याचा नियम हवाच असेल तर असा की ज्या आकड्याचा वर्ग दिलेल्या संख्येच्या पुढे जातो तिथे थांबा. ८ × ८ = ६४, अजून ७२ च्या आत. ९ × ९ = ८१, बाहेर. म्हणून ८ पर्यंत. याचं कारण पण सरळ आहे, जोडीतले दोघंही ८ पेक्षा मोठे असतील तर गुणाकार कमीत कमी ८१ होईल, मग तो ७२ कसा असेल? तेव्हा प्रत्येक जोडीतला एक तरी ८ च्या आत असायलाच हवा.

आता गंमत. ३६ घ्या. १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, आणि मग ६ × ६. इथे ६ चा जोडीदार ६ च. म्हणून ३६ चे विभाजक ९, विषम. ज्या संख्येचे विभाजक मोजल्यावर विषम येतात ती संख्या पूर्ण वर्गच असते, ४, ९, १६, २५, ३६ वगैरे, बाकी सगळ्यांचे सम. म्हणजे उत्तर तपासायची ही एक फुकटची युक्ती झाली, पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येचे तुमचे विभाजक विषम येत असतील तर एक कुठेतरी सुटलाय, परत बघा. (भांडणाला आपण छत्तीसचा आकडा म्हणतो पण बिचाऱ्या ३६ चं नऊ जणांशी पटतं.)

आणि दोन जण कायम विसरले जातात: १ आणि ती संख्या स्वतः. १ हा प्रत्येकाचा विभाजक आणि प्रत्येक संख्या स्वतःची विभाजक पण आणि विभाज्य पण. भाचीला हे पटेना, "स्वतःच स्वतःचा कसा?" म्हटलं ७२ ला ७२ ने भाग, बाकी किती? शून्य. मग?

पायरी तिसरी: भागाकार न करता ओळखणं

प्रत्येक वेळी भागाकार मांडत बसलं तर दिवस मावळेल, म्हणून कसोट्या. २, ५ आणि १० ला शेवटचा अंक बघायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. ४ ला शेवटचे दोन अंक, कारण १०० ला ४ ने पूर्ण भाग जातो त्यामुळे शतकाच्या वरचं जे काही आहे त्याची काळजीच नको. ७३१६ मध्ये फक्त १६ बघा, गेला भाग. ८ ला शेवटचे तीन अंक, कारण १००० = ८ × १२५. लीप वर्ष ओळखताना आपण हीच ४ ची कसोटी वापरतो, २०२४ मधला २४ बघून, फक्त तिथे शतकवर्षांना ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून २००० लीप होतं आणि १९०० नव्हतं.

३ आणि ९ ची कसोटी मात्र नुसती पाठ करू नका, तिचं कारण बघण्यासारखं आहे. ४५७२ ला ९ ने भाग जातो का? अंकांची बेरीज ४ + ५ + ७ + २ = १८, १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून ४५७२ ला पण जातो (५०८ येतात, करून बघा). असं का होतं? १००० म्हणजे ९९९ आणि वर १. १०० म्हणजे ९९ आणि वर १. १० म्हणजे ९ आणि वर १. तर ४५७२ मधल्या चार हजारांतून ४ × ९९९ बाजूला काढले की ४ उरले, पाच शतकांतून ५ × ९९ काढले की ५ उरले, सात दशकांतून ७ × ९ काढले की ७ उरले, आणि एकक स्थानचे २ होतेच. जे बाजूला काढलं त्या सगळ्याला ९ ने भाग जातोच, म्हणजे आता फक्त उरलेल्यांची बेरीज बघायची. ९, ९९, ९९९ यांना ३ ने पण भाग जातो म्हणून ३ ला तीच कसोटी. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं की शाळेत कोणी हे पाच मिनिटं घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

११ ला एक आड एक अंकांची बेरीज करायची आणि दोन्ही बेरजांची वजाबाकी. २७२८ मध्ये २ आणि २ मिळून ४, ७ आणि ८ मिळून १५, फरक ११, म्हणजे भाग जातो. फरक ० आला तरी जातो. ७ ला शेवटचा अंक तोडून त्याची दुप्पट उरलेल्यातून वजा करा: ३४३ मध्ये ३४ − ६ = २८, २८ सातच्या पाढ्यात आहे, म्हणून ३४३ पण. मला विचाराल तर ७ ला सरळ भागाकार केलेला बरा, कसोटी आठवण्यात तेवढाच वेळ जातो.

६ साठी २ आणि ३ दोन्हींच्या कसोट्या लावतात. आता इथे एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यात पडतात. "२ ने जातो आणि ६ ने जातो म्हणजे २ × ६ = १२ ने जाणारच." चूक! १८ घ्या, २ ने जातो, ६ ने जातो, १२ ने नाही जात. कारण ६ च्या पोटात २ आधीच आहे, तोच २ तुम्ही दोनदा मोजलात. १२ साठी ३ आणि ४ तपासायचे, ज्यांच्यात १ सोडून काहीच सामाईक नाही. अशा जोडीला सहमूळ संख्या म्हणतात.

पायरी चौथी: मूळ संख्या

ज्या संख्येची जोडी एकच, १ आणि ती स्वतः, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. दोनपेक्षा जास्त विभाजक असले की संयुक्त. १ ला एकच विभाजक, म्हणून तो ना मूळ ना संयुक्त, आणि सम संख्यांमध्ये मूळ असलेली २ ही एकटीच, हे दोन प्रश्न हमखास येतात.

१ ला मूळ का म्हणायचं नाही याचं कारण पुढच्या पायरीत कामाला येतं. १२ = २ × २ × ३. आता १ ला पण मूळ मानलं तर १२ = १ × २ × २ × ३, किंवा १ × १ × २ × २ × ३, असे हवे तेवढे १ चिकटवता येतील आणि एकाच संख्येची शंभर उत्तरं निघतील. ते नको म्हणून १ ला बाहेर ठेवलाय.

१ ते १०० मध्ये मूळ संख्या २५ आहेत. त्या काढायची पद्धत फार जुनी आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक माणसाच्या नावाने ती ओळखली जाते, चाळणी म्हणतात तिला. १ ते १०० लिहा, १ खोडा, २ ठेवून २ चे बाकीचे विभाज्य खोडा, ३ ठेवून ३ चे, मग ५ चे, मग ७ चे. थांबा. जे राहिले ते सगळे मूळ. ७ वरच का थांबायचं? तोच मघाचा नियम, पुढची मूळ संख्या ११, तिचा वर्ग १२१, १०० च्या बाहेर गेला. एकदा तरी हे पेन्सिल घेऊन स्वतः करा, मोबाईलवर तयार तक्ता बघण्यात ती मजा नाही, खोडता खोडता विभाज्यांचे पट्टे उभे-आडवे दिसायला लागतात.

शंभरच्या आत फसवणाऱ्या संख्या मोजक्याच आहेत. ५१, ५७, ८७ या दिसायला अगदी मूळ वाटतात पण अंकांची बेरीज केली की ६, १२, १५, म्हणजे तिघीही ३ च्या पाढ्यातल्या: ३ × १७, ३ × १९, ३ × २९. आता बघा, २, ३, ५ च्या कसोट्या लावून झाल्यावर शंभरच्या आत ७ ने जाणाऱ्या संयुक्त संख्या फक्त तीनच उरतात, ४९, ७७ आणि ९१. ४९ पाढ्यात आहे, ७७ बघितल्यावरच कळतो, म्हणजे खरी लबाड एकटी ९१. ७ × १३. मी एका परीक्षेत ९१ ला मूळ लिहून आलो होतो, बाहेर येऊन मित्राला छातीठोकपणे सांगितलं पण, तेव्हापासून ९१ दिसला की आधी ७ आठवतो.

मूळ संख्या संपत नाहीत, कितीही पुढे गेलात तरी पुढे अजून एक असतेच, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जी तोवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडल्याचं जाहीर झालं तिच्यात ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत.

पायरी पाचवी: मूळ अवयव पाडणं

कुठलीही संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडता येते आणि ती मांडणी एकच असते, क्रम बदलला तर बदलेल पण सामान तेच. ७२ घ्या. २ ने भागा ३६, परत २ ने १८, परत २ ने ९, आता ३ ने ३, परत ३ ने १. म्हणजे ७२ = २ × २ × २ × ३ × ३. कोणी ८ × ९ पासून सुरू करेल, कोणी ६ × १२ पासून, शेवटी तीन २ आणि दोन ३ च हाती येणार.

यातून विभाजक किती हे न लिहिता सांगता येतं. ७२ चा विभाजक बनवायचा म्हणजे या सामानातून काही उचलायचं: २ एकही नको, एक, दोन, किंवा तिन्ही, म्हणजे ४ पर्याय. ३ एकही नको, एक, किंवा दोन्ही, म्हणजे ३ पर्याय. ४ × ३ = १२. वर जोडीने काढले तेव्हाही बाराच आले होते ना? आणि काहीच उचललं नाही तर १ मिळतो, सगळं उचललं तर ७२ मिळतो, म्हणजे विसरले जाणारे दोघंही यात मोजले गेले.

आता ६० आणि १०० ची तुलना करा. ६० = २ × २ × ३ × ५, विभाजक ३ × २ × २ = १२. १०० = २ × २ × ५ × ५, विभाजक ३ × ३ = ९. लहान असूनही ६० चे जास्त! १ ते ६ सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या ६० च आहे. प्राचीन बॅबिलोनियात ६० वर आधारलेली मोजणी होती आणि आपल्या घड्याळातली ६० मिनिटं तिकडूनच आली, तासाचे दोन, तीन, चार, पाच, सहा कितीही समान भाग करा, मिनिट तोडावं लागत नाही.

पायरी सहावी: मसावि आणि लसावि

इथे लोक खरोखर वैतागतात, आणि त्याला कारण आहे. दोन्हीत शेवटी "वि" आहे पण तो "वि" एकच नाही! मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक आणि लसावि म्हणजे लघुत्तम सामाईक विभाज्य. वर भर म्हणजे नावात महत्तम असलेला उत्तरात लहान येतो आणि लघुत्तमवाला मोठा. भाची म्हणालीच, "मामा, महत्तम म्हणजे मोठ्यात मोठा ना, मग ७२ आणि १२० चा मसावि २४ कसा, तो तर दोघांपेक्षा लहान आहे". आता पहिल्या दोन पायऱ्या आठवा, विभाजक मुळातच संख्येच्या आत असतात, त्यांच्यातला मोठ्यात मोठा निवडला तरी तो संख्येपेक्षा मोठा होणार नाही. विभाज्य (शून्य बाजूला ठेवलं तर) संख्येपासून वर जातात, त्यांच्यातला लहानात लहान घेतला तरी तो संख्येपेक्षा लहान होणार नाही. उत्तर लिहिल्यावर एवढं चेक केलं तरी अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

काढायचे कसे? ७२ = २ × २ × २ × ३ × ३ आणि १२० = २ × २ × २ × ३ × ५. दोघांत जे सामाईक आहे ते उचला, तीन २ आणि एक ३, मसावि २४. लसाविसाठी दोघांचंही पोट भरेल एवढं सामान घ्या पण जास्तीचं नको: तीन २, दोन ३, एक ५, म्हणजे ३६०. चेक करायला, ७२ × १२० = ८६४० आणि २४ × ३६० = ८६४०. दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या मसावि आणि लसाविचा गुणाकार. पण हे फक्त दोनच संख्यांना हं, तीनला लावू नका. २, ४, ६ चा गुणाकार ४८, मसावि २, लसावि १२, त्यांचा गुणाकार २४. नाही जुळत.

अवयव पटकन पडत नसतील तर युक्लिडच्या नावाची पद्धत आहे, मोठ्याला लहानाने भागा, मग लहानाला बाकीने भागा, असं शून्य येईपर्यंत. ३९१ आणि २९९ घ्या, दोन्ही बघून काही सुचत नाही. ३९१ ला २९९ ने भागलं, बाकी ९२. २९९ ला ९२ ने भागलं, ९२ त्रिक २७६, बाकी २३. ९२ ला २३ ने भागलं, बाकी ०. शेवटचा भाजक २३, तोच मसावि. खरंच, ३९१ = १७ × २३ आणि २९९ = १३ × २३. कारण एवढंच की जो विभाजक दोन्ही संख्यांना भागतो तो त्यांच्या फरकालाही भागतो, म्हणून संख्या लहान करत गेलं तरी सामाईक विभाजक हातातून निसटत नाही.

शाब्दिक उदाहरणात कुठलं वापरायचं? तोडायचं, वाटायचं, समान तुकडे करायचे असं काही असेल तर बहुधा मसावि. ४२० सेंमी लांब आणि ३३६ सेंमी रुंद जमिनीवर न तोडता बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशी किती? मसावि ८४ सेंमी, लांबीत ५ रुंदीत ४, एकूण २० फरशा. परत एकत्र कधी येतील, एकाच वेळी कधी वाजतील असं असेल तर लसावि. एक दिवा दर १२ सेकंदांनी लुकलुकतो, दुसरा दर १८ सेकंदांनी, आत्ता दोन्ही एकत्र लुकलुकले तर परत ३६ सेकंदांनी. "आत्ता एकत्र" हे शब्द महत्त्वाचे आहेत, दोघांची सुरुवात एका क्षणी नसेल तर नुसता लसावि काढून उत्तर येत नाही.

लसाविचं मला आवडणारं उदाहरण निसर्गातलं आहे. अमेरिकेत सिकाडा नावाचे किडे आहेत, त्यांचे काही गट दर १३ वर्षांनी आणि काही दर १७ वर्षांनी जमिनीतून बाहेर येतात. दोन्ही मूळ संख्या, म्हणून १३ आणि १७ चा लसावि सरळ गुणाकार, २२१. असे दोन गट २०२४ मध्ये एकाच वर्षी बाहेर आले, त्याआधी ते १८०३ मध्ये एकत्र आले होते. २०२४ − १८०३ करून बघा.

सरावाला

९६ चे सगळे विभाजक जोडीने काढा, १२ यायला हवेत. १४४ चे किती येतील ते आधी सम की विषम एवढंच सांगा, मग मोजा (१५ आहेत). ११९, १३३, १४३ यातली मूळ कुठली? एकही नाही: ७ × १७, ७ × १९, ११ × १३.

आणि हे शेवटचं, जरा डोकं लावायला लागेल. अशी लहानात लहान संख्या शोधा जिला २, ३, ४, ५, ६ यातल्या कशानेही भागलं तरी १ उरतो पण ७ ने भागलं तर काहीच उरत नाही. लसावि ६०, म्हणजे संख्या ६० च्या कुठल्यातरी पटीपेक्षा १ ने जास्त: ६१, १२१, १८१, २४१, ३०१. एकेकाला ७ ने भागत चला, ३०१ ला जातो, ७ × ४३.

भाचीने हे उत्तर काढलं आणि मी शाबास म्हणेपर्यंत विचारलं, "मग याच्या पुढची कुठली?" मी कागद शोधत होतो, तोवर ती स्वतःच म्हणाली की ६० आणि ७ दोघांनाही खूष ठेवायचं तर ४२० च मिळवावे लागतील ना, म्हणजे ७२१. ७ × १०३, बरोबर होतं.